मुलांच्या हाताला खेळ हवा

(अंगणवाडी व बालवाडी सेविका, पाळणाघर चालवणाऱ्या बाया आणि वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्यासाठी चिंचवड इथं झालेल्या एक दिवसाच्या शिबिरातलं हे भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रकावर आजचा विषय वाचून एका कार्यकर्तीनं मला विचारलं, "ताई, मारहाण, पोटगी, रेशन एवढं सगळं पडलंय आणि आपण कागदाच्या होड्या करत बसायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते आणि मग होड्यांकडे वळते.

लहान मुलांना सांभाळायचं कोणी, हा प्रश्न बायकांची चळवळ कितीतरी वर्षं विचारते आहे. पाळणाघर हवं, ही मागणी जुनी आहे. पण पाळणाघर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक खोली, एक बाई आणि चार झोळ्या एवढंच येतं. मूल तिथं दिवसभर करणार काय? अडीच-तीन वर्षांच्या मुलाला "गप बस" म्हणून आठ तास बसवता येत नाही. त्याच्या हाताला काहीतरी लागतं. ते काय द्यायचं, कोणी द्यायचं आणि त्यासाठी लागणारा वेळ कोणाच्या दिवसातून काढायचा, हे तीनही प्रश्न शेवटी बाईच्याच दारात येऊन बसतात. म्हणून हा विषय आपल्या शिबिरात आहे.

कायद्यातली खोली

१९४८च्या कारखाने कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची तरतूद होती. आधी पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असल्या तर, आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त असल्या तर. यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. अट बायकांच्या संख्येवर होती, म्हणजे मूल फक्त बाईचं! आणि मालकाला ही खोली टाळायची असेल तर उपाय सोपा, बायका कमी घ्यायच्या. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, तर पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा हवी, असं ठरलं. अट बाईवरून कर्मचाऱ्यांवर आली, हे चांगलंच झालं. नव्या कामगार संहितांमध्येही आकडा पन्नासचाच आहे.

पण आपल्या पट्ट्यात फिरून बघा. मोठ्या कंपन्यांच्या पाठीमागे छोट्या वर्कशॉपच्या रांगा आहेत. एका शेडमध्ये पाच, दहा, पंधरा माणसं. ती पन्नासात कधी बसणार? धुणीभांडी करणारी बाई कुठल्या पन्नासात? आणि जी घरीच बसून कारखान्याचं काम करते, तिची तर मोजदादच नाही. तिचं घर हेच तिचं वर्कशॉप आणि तेच तिचं पाळणाघर.

हातकाम की मजुरी?

घरी बसून केल्या जाणाऱ्या या कामाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण आजच्या विषयाची खरी गाठ इथंच आहे.

रबराच्या भागांची पोती घरी येतात. साच्यातून काढलेल्या भागाच्या कडेला एक पातळ जास्तीचा पापुद्रा राहिलेला असतो, तो कात्रीनं कापायचा. नगावर पैसे. बाई सकाळी डबा करून देते आणि पोतं उघडून बसते. शेजारी तीन वर्षांचं पोर. ते ढिगातून काळी कडी उचलतं, बोटात घालतं, दुसरीवर तिसरी रचतं. बघायला किती छान! सात वर्षांची बहीण शाळेतून येते आणि दप्तर टाकून कात्री उचलते. पाहुणे म्हणतात, "पोरगी कशी हाताची चपळ आहे!"

आता सांगा, तीन वर्षांचं मूल करतं ते काय, आणि सात वर्षांची मुलगी करते ते काय? वस्तू तीच, बसायची जागा तीच. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांतून बंदी झाली. पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या उद्योगात मदत करायची सूट ठेवली. धोक्याचं काम त्यातून वगळलं आहे, हे खरं. तरी दार किलकिलं राहिलंच. माल कारखान्याचा, नफा कारखान्याचा, आणि मुलीचं काम मात्र "घरची मदत" म्हणून खपून जातं.

मी वस्तीत काम करताना तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारून बघा. मूल हवं तेव्हा हातातलं टाकून उठून जाऊ शकतं का? काय करायचं, कसं करायचं हे मूल ठरवतं का? केलेली वस्तू त्यानं मोडली, तर कोणी ओरडतं का? पहिल्या दोन्हींना "हो" आणि तिसऱ्याला "नाही" असं उत्तर आलं, तर तो खेळ. नाहीतर ती मजुरी, मग ती आईच्या मांडीला मांडी लावून केलेली का असेना.

यात आईला दोष द्यायचा नाही. नगाचा दर इतका कमी असतो की तिच्या एकटीच्या दोन हातांत दिवस भागत नाही. दर कोण ठरवतं, हा प्रश्न तिला नाही, पोतं पाठवणाऱ्याला विचारायचा आहे.

आपल्या आधी हे करून गेलेल्या

स्वस्तातल्या, हाताजवळच्या वस्तूंमधून मुलांना शिकवायचं, हे आजचं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकली असतील. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग. ती खेड्यात, आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी उभी राहिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ला. आज तुमच्या दारावरच्या पाटीवर जो शब्द आहे, तो या बायकांनी पाड्यावरच्या अंगणात बसून कमावलेला आहे.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी शेजारचं. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले इंजिनिअर. १९७०च्या दशकात ते टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात, म्हणजे आपल्याच या पट्ट्यात, ट्रकच्या कामावर होते. १९७८ साली त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यातल्या मुलांबरोबर काम केलं. तिथं त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून आकार जोडायची युक्ती काढली. पुढे टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली, २००३ पासून अनेक वर्षं पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका इंजिनिअरनं खेळणी केली की त्याला विज्ञान म्हणतात. बालवाडीच्या बाईनं केली की म्हणतात, "बाई मुलांना रमवतात." दोन्ही ठिकाणी डोकं लागतं, हे आपण तरी लक्षात ठेवू.

पाच गोष्टी, घरच्या सामानातून

आता कामाचं सांगते. वह्या काढा.

पहिली, कागद फाडणं. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. कात्री नको. जुना पेपर द्यायचा आणि फाडू द्यायचा, आधी मोठे तुकडे, मग पट्ट्या, मग बारीक कपटे. आई म्हणते, "हा काय पसारा!" पण अंगठा आणि बोट यांची चिमूट इथंच तयार होते, पुढे पेन्सिल धरायला तीच लागते. जमिनीवर खडूनं मोठा मासा काढायचा आणि मुलांनी तो कपट्यांनी भरायचा. चिकटवायचं असेल तर घरची खळ करा. एक चमचा मैदा किंवा कणीक कपभर गार पाण्यात कालवायची आणि मंद आचेवर ढवळत घट्ट करायची. जुने लोक खळ टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालत. मुलांच्या खळीत ते अजिबात घालू नका, विषारी असतं. दोन दिवस पुरेल एवढीच खळ करा. पेपरची शाई हाताला लागते, म्हणून खाऊच्या आधी हात धुवायचे.

दुसरी, माती. कुंभाराकडून थोडी माती किंवा दुकानातून शाडू आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की बरेच दिवस चालते. कशाचाही नमुना समोर ठेवू नका. बैलपोळ्याचे बैल सगळ्यांना माहीत असतात, पण आपली मुलं मातीची क्रेन करतात, पाण्याचा टँकर करतात. करू द्या. पुष्कळ जणी विचारतात, मातीऐवजी कणीक चालेल का? माझं मत असं की ज्या घरी पीठ मोजून घेतात तिथं कणीक खेळायला मागू नये. पोळ्या लाटताना आई लहानसा गोळा देते, त्याची चिमणी करून तव्यावर भाजून मूल खातं, ते उत्तम. त्यात काही वाया जात नाही.

तिसरी, भेंडीचे ठसे. तीन वर्षांच्या पुढे. भाजी चिरताना देठाकडचा जो भाग टाकतो, तोच घ्यायचा. कापलेल्या बाजूला फुलाचा आकार असतो. डब्याच्या झाकणात ओलं फडकं ठेवून त्यावर गेरू किंवा बिटाचा रस घालायचा, झाला स्टँप पॅड. कांद्याचा अर्धा भाग, पानाची मागची बाजू, दोऱ्याचं रिकामं रीळ, सगळ्याचे ठसे उठतात. होळीचे बाजारचे रंग मात्र नकोत.

चौथी, हळदीची जादू. चार-पाच वर्षांच्या मुलांना वेड लावते. हळद पाण्यात कालवून कागदाला लावायची आणि कागद वाळवायचा. मग बोट किंवा काडीला गुंडाळलेला कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर चित्र काढायचं. पिवळ्या कागदावर लाल रेघ उमटते! त्यावर लिंबाचा थेंब टाकला की रेघ पुन्हा पिवळी. हळदीचे डाग पडलेली साडी साबण लावताच लाल का होते, हे ज्या बायकांनी आयुष्यभर पाहिलं आहे, त्यांनीच हा प्रयोग मुलांना दाखवायचा. साबणाचा हात डोळ्यांना लागू द्यायचा नाही, एवढी काळजी घ्या.

पाचवी, काडी आणि नळी. ही सहा वर्षांपुढच्या भावंडांसाठी, म्हणजे लहानग्याला कडेवर घेऊन अंगणवाडीच्या दारात उभ्या राहणाऱ्या ताईसाठी. तिला कोणी काही देत नाही. आगपेटीच्या काड्यांचं गुल मोठ्यांनी आधीच खरवडून टाकायचं. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची नळी आणून तिचे छोटे तुकडे करायचे. एका तुकड्याच्या दोन तोंडांत दोन काड्या खुपसल्या की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चार काड्यांचा चौकोन करा, आणि मुलीला दोन्ही दाबायला सांगा. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. मग तिला बाहेर नेऊन कारखान्याच्या शेडचं छत दाखवा. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोणच त्रिकोण दिसतील. ज्या शेडमध्ये तिचा बाप किंवा आई राबते, ती शेड उभी कशी राहते हे त्या मुलीला कळतं. मला वाटतं, हा तिचा हक्क आहे.

टाकाऊ म्हणजे फुकट नव्हे

"टाकाऊतून टिकाऊ" हे शब्द आपण फार सहज वापरतो. कोणासाठी टाकाऊ? १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, कचरा वेचणाऱ्यांची संघटना. कागद, काच आणि पत्रा यांना किलोवर भाव आहे आणि त्यावर हजारो बायकांची चूल पेटते, हे त्या नावातच आहे. वेचक बाईच्या मुलाला "उद्या घरून पुठ्ठा आणि बाटल्या आण" असं सांगितलं, तर आपण तिच्या मिळकतीतून वर्गणी मागतो आहोत. पुठ्ठा हवाच असेल तर आजूबाजूच्या दुकानांतून आणि वर्कशॉपमधून पॅकिंगचे खोके मंडळानं मागून आणावेत. मुलांना गोळा करायला पाठवू नये, खेळाच्या निमित्तानंसुद्धा नाही.

आणि आपल्या पट्ट्यातला सगळाच टाकाऊ माल हात लावण्यासारखा नसतो. लोखंडाचा कीस, ऑइलचे बोळे, केमिकलचे डबे, फुटक्या ट्यूबलाईट, जुने सेल यांतलं काहीही मुलांजवळ नको. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात चिंचोका, मणी, बटण, बाटलीचं लहान झाकण देऊ नका. घशात अडकायला क्षण पुरतो.

किल्ला कोणाचा, रांगोळी कोणाची

दिवाळीत आपल्याकडे घरोघर मातीचा किल्ला होतो. मुलांनी स्वतः करायची याहून मोठी वस्तू आपल्या संस्कृतीत नाही. दगड, माती, पोतं, उगवलेले आळीव. पण वस्तीत एक चक्कर मारा. चिखलात हात घातलेले बहुतेक मुलगे, आणि मुली उंबऱ्यात रांगोळी काढताहेत किंवा किल्ल्यासाठी पाणी भरून देताहेत. भातुकलीत उलटं. त्यात मुलगा आलाच तर तो "कामावरून येतो" आणि जेवायला बसतो.

यासाठी भाषण नको. पाळ्या लावा. या वर्षी अंगणवाडीच्या ओट्याशेजारी सगळ्यांनी मिळून किल्ला करायचा. आपल्या चाकणला संग्रामदुर्ग आहे, भुईकोट. १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर तो जवळजवळ दोन महिने लढवला. सपाट जागेवरचा, भोवती खंदक असलेला किल्ला लहान मुलांना करायला सोपा जातो. मुलींनी खंदक खणायचा, मुलग्यांनी रांगोळी घालायची, मग अदलाबदल. चिंधीची बाहुलीही मुलांनी-मुलींनी दोघांनी करायची. बोळा मधोमध ठेवून चौकोनी फडकं गुंडाळलं आणि दोरा बांधला की डोकं होतं. मुलगा बाहुलीला थोपटून झोपवू लागला तर हसू नका. पुढे तो बाप होणार आहे.

आता वेळेचं आणि पैशाचं

शाळेतून चिठ्ठी येते, "उद्या प्रोजेक्ट आणा." थर्मोकोल, चमकीचा कागद, गोंद आणायचे. रात्री अकरा वाजता तो प्रोजेक्ट कोण करतं? मूल झोपलेलं असतं, बाप तिसऱ्या पाळीला गेलेला असतो. मार्क मिळतात आईच्या हातकामाला. ही गोष्ट शाळेच्या पालकसभेत उघडपणे बोला. मुलांचं हातकाम मुलांनी, शाळेच्या वेळेत, शाळेच्या सामानातून करायचं. वाकडं झालं तर वाकडं लावा भिंतीवर.

आणि अंगणवाडीतल्या ताईचं काय? तिला पगार नाही, मानधन मिळतं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर होत्या, तुमच्यापैकी कितीतरी जणी त्यात होत्या. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२मध्ये सांगितलं. तरीही खडू, गोंद, कागद पुष्कळदा पदरच्या पैशातून येतात. आज मी तुम्हाला स्वस्तातल्या गोष्टी दाखवते आहे. उद्या त्यांचा उपयोग करून कोणी म्हणायला नको की "बघा, पैशाशिवाय सगळं होतं!" माती आणि भेंडी स्वस्त आहे. माती घेऊन वीस मुलांमध्ये दोन तास बसणारी बाई स्वस्त नाही. तिच्या त्या दोन तासांत कौशल्य आहे, आणि त्याचे पैसे मिळायला हवेत.

म्हणून तीन ठराव मांडते, दुपारी त्यांवर चर्चा करू. एक, प्रत्येक वस्तीत मंडळानं एक सामानाची पेटी करावी आणि ती भरायची जबाबदारी पाळीपाळीनं सगळ्यांनी घ्यावी, बापांनीसुद्धा. दोन, घरी येणाऱ्या पोत्यांचे नगाचे दर वस्तीवार लिहून काढावेत, म्हणजे एकत्र बसून दर मागता येईल. तीन, अंगणवाडीच्या साहित्याचा खर्च सेविकेच्या पदरचा नसावा, यासाठी सह्यांचं निवेदन द्यावं.

आता चहा घ्या. चहानंतर खालीच सतरंजीवर बसू. भेंड्या आणल्या आहेत, माती भिजवून ठेवली आहे, कात्र्या मात्र चारच आहेत, तेव्हा गट करून बसा. आणि ज्यांची मुलं मागच्या खोलीत आहेत, त्यांनी त्यांना इकडेच आणा.